उतरताना दुखरा पाय आधी

१

माझ्या उजव्या गुडघ्यावर जांभळ्या शाईने बाण काढून सर्जन जिन्याने वर गेले, ते जिवंत खाली आलेच नाहीत.

सुरुवातीला उशीर होतोय म्हणून मला बरंच वाटलं. पोलिसातल्या नोकरीत चोरांच्या मागे धावून मी दोन्ही गुडघ्यांची वाट लावून घेतली होती. हाडावर हाड घासायला लागलं, लोकांना माझ्याआधी माझे गुडघे ऐकू यायला लागले, तेव्हा बायकोने दंडाला धरून या दवाखान्यात आणलं. "आधी एक सांधा बदला, मग दुसरा. नाहीतर मीच तोडते दोन्ही," असं तिने बजावलं होतं. तिच्यापुढे माझं काही चालत नाही. पण आता खरंच चाकू फिरणार म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली होती. त्यात मी उपाशी. मागून उघडा असलेला हिरवा झगा घालून खाटेवर बसलो होतो आणि आजचं काहीतरी करून टळावं म्हणून मनातल्या मनात विनवण्या करत होतो.

टळलं. पण असं टळायला नको होतं.

वरून नर्सची किंकाळी आली. पाठोपाठ स्टीलचा ट्रे पडल्याचा आवाज. मी झग्याची लाज सोडली, कठडा धरला आणि पुढच्या जिन्याने वर गेलो.

सर्जनची तपासायची खोली उघडी होती. टेबलावर प्लास्टिकच्या गुडघ्याचा नमुना होता, त्यावरून रक्त ओघळत होतं. सर्जन खाली उताणे पडले होते. कपाळाची डावी बाजू आत गेली होती आणि एक डोळा जागेवर नव्हता. मी प्रेतं पाहिली आहेत, त्यामुळे एवढ्याने मी हललो नसतो. पण मारणारा तिथे थांबला नव्हता. त्याने मेलेल्या माणसाचे दोन्ही गुडघे ठेचले होते. पॅन्ट फाटून वाटीचे पांढरे तुकडे बाहेर आले होते. शेजारी सांधा ठोकून बसवायची स्टीलची हातोडी पडली होती आणि तिला केस चिकटले होते.

भिंतीवर एक्स-रे पाहायचा दिवा लागलेला होता. त्यावर खुब्याचा एक्स-रे होता. सांध्याचा गोळा वाटीतून निसटून बाजूला गेलेला दिसत होता. आज यादीत मी एकटाच, आणि माझं दुखणं गुडघ्याचं. हा खुबा इथे कशाला, असं माझ्या मनात आलं.

विचार पुरा व्हायच्या आत खालून आरडाओरडा ऐकू आला. "धरा! मारा हरामखोराला!"

२

खोलीच्या मागच्या दारातून मागचा जिना उतरतो. अरुंद, दोन्ही बाजूंना कठडा, मध्ये एक वळण. त्याच्या पायऱ्यांवर रबरी चपलांचे रक्ताचे ठसे होते. मी कडेकडेने उतरत ते पाहत गेलो. वळणापर्यंत प्रत्येक पायरीवर दोन ठसे: आधी डावा, मग त्याच्या शेजारी आणलेला उजवा. पुढच्या पायरीवर पुन्हा आधी डावा. डाव्या टाचेच्या मागे रक्त फरफटलं होतं, त्यावरून कुठला पाय पुढे पडला ते आंधळ्यालाही कळलं असतं.

आणि असं कोण उतरतं तेही मला कळलं, कारण आदल्या दिवशीच व्यायामाच्या वर्गात माझ्याकडून ते घोकून घेतलं होतं. सांध्याचा रोगी जिना चढतो तेव्हा चांगला पाय आधी टाकतो, उतरतो तेव्हा दुखरा पाय आधी. सर्जनची भाची हा वर्ग घेते. ती या दवाखान्यात व्यायाम शिकवते. लाकडी पायऱ्यांवर तिने मला इतकं नाचवलं होतं, की रात्री झोपेतही मी पायऱ्या मोजत होतो.

जिन्याच्या तळाशी वळणाआड बाक होतं. तिथे दवाखान्याची माणसं एका म्हाताऱ्याला तुडवत होती.

तो मास्तर होता. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला, सहा फुटी, आवाज अजून मैदानातला. त्याला इथे सगळे ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी सर्जनने त्याचा डावा गुडघा बदलला होता. त्याच साली त्याच्या बायकोचा खुबा बदलला. तो निखळला, पुन्हा उघडावा लागला, त्यात पू झाला आणि ती गेली. त्या दिवशी मास्तर दवाखान्याच्या दारात उभा राहून ओरडला होता, "तुझे दोन्ही गुडघे फोडीन, मग तुला कळेल!" ही धमकी अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होती.

"माझ्या बाकाखाली कुणी ठेवल्या मला काय ठाऊक!" तो ओरडत होता. बाकाखाली रक्ताने माखलेल्या रबरी चपलांची जोडी होती. पुरुषी मापाची. दवाखान्यात बाहेरची पादत्राणं चालत नाहीत, दारातल्या चपला सगळ्यांना सारख्याच मिळतात. मास्तरच्या पायात मात्र नुसते मोजे होते.

"काढून ठेवल्यास तू!" एका वॉर्डबॉयने त्याच्या डाव्या गुडघ्यावर लाथ मारली. मास्तर नुसता डगमगला. दुसऱ्याने उजव्यावर मारली आणि मास्तर गुरासारखा हंबरून खाली कोसळला. कुणीतरी त्याच्या तोंडावर स्टूल घातलं. दात पडले. विजार फाटून डाव्या गुडघ्यावरचा लांबलचक व्रण उघडा पडला.

"बास!" मी ओरडलो. झगा मागून उघडा होता, पण आवाज ठाण्यातला होता. सगळे मागे सरले.

मास्तरने रक्त थुंकून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, मी मारलेलं नाही. मारायचं होतं, पण मारलेलं नाही."

"मग इथे काय करत होतास?"

"बसलो होतो. मध्ये मोरीत गेलो. माझ्या चालीने जायला यायला वेळ लागतो. परत येऊन बसलो तर हे आले."

ऐकणारे हसले. खरं सांगतो, मलाही ते थातुरमातुर वाटलं. हवालदार आला, मला झग्यात पाहून सलाम ठोकू की नको अशा पेचात पडला, आणि मास्तरच्या हातात बेड्या पडल्या. मास्तरचं वय पाहता तुरुंगातून त्याचं प्रेतच बाहेर आलं असतं.

३

तरीही तिघांशी बोलायचं मी ठरवलं. सर्जन वर गेल्यापासून किंकाळीपर्यंत दवाखान्यात एकेकटी होती अशी तीनच माणसं.

पहिली सर्जनची बायको. ती भूल देते. सगळा दवाखाना तिला मामी म्हणतो, कारण भाची म्हणते. ऑपरेशनच्या खोलीत ती फिरत्या स्टुलावर बसली होती. समोर भरलेली इंजेक्शनं ओळीने मांडली होती.

"तुमच्यासाठीच भरली होती," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "आता काय करू यांचं?"

"मामी, भांडण होतं का काही तुमच्यात?"

"चाळीस वर्षं होतं. आता कुणाशी भांडू?" मग तिने डोळे पुसले. "आज सकाळी चहा पिताना म्हणाले, एक ओझं फार दिवस वागवलं, आज उतरवून टाकतो. कसलं विचारलं, तर म्हणाले संध्याकाळी सांगतो."

"वरच्या दिव्यावरचा एक्स-रे कुणाचा?"

"मास्तरांच्या बायकोचा. निखळला त्या दिवशीचा." तिने एक इंजेक्शन उचलून पुन्हा ओळीत ठेवलं. "तो मास्तरनेच लावायला लावला असणार. पाहा म्हणाला असेल, काय केलंत ते. आणि मग... पण मला एक सांगा, मागच्या जिन्यावरचे ठसे पाहिले मी, तो लंगडत होता का? प्रत्येक पायरीवर तोच पाय आधी का?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"माझे पेशंट आडवे येतात, आडवे जातात. चालतात कसे ते मी कधी पाहिलं नाही."

दुसरा धाकटा डॉक्टर. हुशार पोर, पण सर्जन त्याला सगळ्यांदेखत फाडून खायचे. परवाच त्यांनी त्याच्या अंगावर कात्री भिरकावली होती. हनुवटीवर टाका होता.

"राग यायचा हो," तो म्हणाला. "कधी कधी वाटायचं, हीच हातोडी घ्यावी आणि..." मग स्वतःच दचकला.

"मास्तर आत कसा आला?"

"मीच बोलावलं. ते महिन्याला मागच्या दाराने येतात, तिथे चपला नसतात म्हणून नुसत्या मोज्यांवर. सांध्यात इंजेक्शन देतो, तेवढ्यावर ढकलतायत. तो गुडघा बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, पण इथल्या चाकूखाली पुन्हा जाणार नाही म्हणतात. आज सरांना कळलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तर सर शांतपणे म्हणाले, बसव त्यांना खाली, मला त्यांच्याशी बोलायचंय."

तिसरी भाची. सर्जनने बहिणीमागे वाढवलेली, घरातलीच पोर. व्यायामाच्या खोलीत भिंतीला टेकून ती हुंदके देत होती. ही खोली मागच्या जिन्याच्या पायथ्याशीच आहे. कोपऱ्यात शेकायच्या पिशव्या तापवायची टाकी रटरटत होती.

"मामाने मला शिकवलं, साहेब. मामाने सगळं दिलं. आणि त्या मास्तरला मी चालायला शिकवलं! डावा पाय आधी, मग उजवा. ह्याच पायऱ्यांवर. त्याची बायको गेली त्यानंतर त्याने या खोलीत पाऊल टाकलं नाही, पण शिकवलेलं विसरला नाही बघा. मामाला मारून उतरतानासुद्धा विसरला नाही."

"तू कुठे होतीस?"

"इथेच. तुमच्यासाठी पट्ट्या काढत होते."

ती मोज्यांशिवाय, नुसत्या पायांत चपला घालून उभी होती. दवाखान्याची फरशी थंडगार असते. सकाळी श्वासाचे व्यायाम घ्यायला ती माझ्या खाटेपाशी आली होती, तेव्हा तिच्या पायात पांढरे मोजे होते. मी पोलीस असलो तरी उपाशी पोलीस होतो. त्या क्षणी मी त्याचा काहीच अर्थ लावला नाही.

४

हवालदार मास्तरला गाडीकडे न्यायला निघाला. मीही बाहेर जायला दाराच्या तीन पायऱ्या उतरू लागलो. कठडा धरला आणि पाय आपोआप पडला. उजवा. बाणवाला.

मी पायरीवरच थांबलो.

आज माझा उजवा जास्त वाईट, म्हणून तो आधी बदलायचा. दोन वर्षांनी हाच उजवा ठणठणीत असेल आणि रडत असेल तो डावा. मग मी कुठला पाय आधी टाकीन? डावा. बदललेला गुडघा हा कायमचा दुखरा गुडघा नव्हे. तो दुखू नये म्हणून तर बदलतात!

माझ्या डोळ्यांपुढे दोन लाथा आल्या. डाव्यावर बसली तेव्हा म्हातारा नुसता डगमगला. उजव्यावर बसली तेव्हा हंबरला.

"हवालदार, थांब!" मी ओरडलो आणि धाकट्या डॉक्टरला हाक मारली. "इंजेक्शन कुठल्या गुडघ्यात देतोस?"

"उजव्या. डाव्याला काय धाड भरलीय? डावा तर उत्तम झालाय."

"आणि बदललेला खुबा निखळतो कशाने?"

तो गोंधळला. "पडल्याने. नाहीतर बुटक्या स्टुलावर बसवून पुढे वाकवलं तर. पहिल्या दिवसांत हमखास निखळतो."

"पेशंटला उठवतं, बसवतं, वाकवतं कोण?"

धाकट्या डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने व्यायामाच्या खोलीकडे पाहिलं.

५

मी सगळ्यांना मागच्या जिन्यापाशी जमवलं. ठसे पुसट होत संपले होते तिथे, वळणाच्या खालच्या बाजूला मी भाचीला उभं केलं.

"बाळ, मला समजत नाही. मास्तर कसा उतरला असेल ते एकदा करून दाखव."

तिने डोळे पुसले आणि दाखवलं. कठड्यावर हात, डावा पाय खाली, मग उजवा. पुन्हा डावा. बिनचूक. ठशांवर ठसा बसेल असं.

"आता मास्तर, तुम्ही."

"माझे हात बांधलेत."

"काठी राहू दे भिंतीला. कठड्यावर दोन्ही ठेवा. उतरा."

मास्तर कण्हत उतरला. उजवा पाय आधी. मग डावा. पुन्हा उजवा. तीन पायऱ्या झाल्यावर भाचीच्या घशातून आवाज निघाला. "असं नाही!" ती ओरडली. "डावा! तुमचा डावा आहे!"

"डावा होता गं पोरी," मास्तर म्हणाला. "तू शिकवलंस तेव्हा होता."

मी मामीकडे पाहिलं नाही, कारण मला बघवलं नसतं.

"हे ठसे मास्तरने केलेले नाहीत," मी म्हणालो. "मास्तर उतरताना कसा दिसेल, याचा विचार करून कुणीतरी केलेत. ज्याला उतरायची रीत ठाऊक आहे, असं कुणीतरी. मामींना ती ठाऊक नाही. धाकट्याला रीत ठाऊक आहे, पण आता दुखतो तो उजवा हेही ठाऊक आहे. तो ही चूक करणार नाही. ज्याने मास्तरला दोन वर्षांपूर्वी चालवलं आणि नंतर कधी चालताना पाहिलं नाही, त्याच्या डोक्यात मास्तर अजून डाव्यानेच लंगडतो. अशी इथे तू एकटी आहेस."

"मामी, हे काय बोलतायत..."

"वरचा एक्स-रे तुझ्या मामाने स्वतः लावला होता. मास्तरला समजावून सांगायला. ते ओझं आज उतरवायचं होतं. तू मास्तरच्या बायकोला बुटक्या स्टुलावर बसवून वाकवलंस, खुबा निखळला, आणि मामाने दोन वर्षं शिव्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. तुझे मोजे कुठे आहेत?"

हवालदार व्यायामाच्या खोलीत जाऊन आला. चिमट्यात धरलेल्या मोज्यांतून पाणी गळत होतं. "टाकीत होते, साहेब. पाणी गुलाबी झालंय."

वरच्या खोलीच्या दाराशी पडलेल्या पुरुषी चपला तिने मोज्यांवर चढवल्या होत्या, तिच्या पायांना त्या मोठ्या झाल्या होत्या. रक्त वरून आत गेलं होतं. खोलीतून घेऊन अंगावर चढवलेला प्लास्टिकचा एप्रन तिने ऑपरेशनच्या कचऱ्यात कोंबला होता. तिथे रक्ताळलेल्या एप्रनकडे कोण बघतो?

मग ती हलली, आणि ते इतकं झटकन झालं की कुणाला सावरता आलं नाही. भिंतीला टेकलेली मास्तरची स्टीलची काठी तिने उचलली आणि हवालदाराच्या तोंडावर हाणली. त्याचं नाक फुटलं. दुसरा तडाखा माझ्या उजव्या गुडघ्यावर. तिने नेम धरला नसेलही, पण बसला तो बरोबर बाणावर. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी पायऱ्यांवरून घसरलो. ती माझ्या अंगावरून उडी मारून खाली धावली. मास्तर मध्येच पायरीवर टेकला होता. तिने त्याच्या फुटलेल्या तोंडावर लाथ घातली. त्याने बेड्यांतल्या दोन्ही हातांनी तिचा पाय कवटाळला. ती काठीने त्याच्या पाठीवर मारत राहिली. मारत राहिली आणि ओरडत राहिली.

"त्या दिवशी गर्दी होती! एकच स्टूल रिकामं होतं! परवा आणखी एकीला बसवलं, तिला काही झालंसुद्धा नाही! तरी मामा म्हणाला, आता नाही झाकणार. म्हणाला, हे काम सोड, मास्तर खाली बसलाय, त्याला सांगतो आणि मग सगळ्यांना सांगतो. माझं सगळं संपवत होता तो! मी पाया पडले त्याच्या! तो वळला, एक्स-रे लावला, परत माझ्याकडे वळला..."

मास्तरने पाय सोडला नाही. शेवटी धाकट्या डॉक्टरने मागून तिचे हात पिरगळले आणि काठी गडगडत खाली गेली.

"गुडघे का फोडलेस गं?" मामीने विचारलं. सगळ्यांत वर उभी होती ती. "मेला होता ना तो? मग गुडघे का?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मास्तरची धमकी खरी करून दाखवायची होती, म्हणून.

६

तिला नेलं. हवालदाराच्या नाकात कापूस कोंबला. माझा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. "आता तर बदलावाच लागेल," असं धाकटा डॉक्टर म्हणाला, आणि मी प्रथमच नाही म्हटलं नाही.

मास्तरच्या बेड्या काढल्या. नर्सने त्याचं तोंड पुसलं, पाठीवरचे वळ पाहिले आणि तोंड फिरवलं. तो बाकावर बसून होता. घरी जा म्हटलं तरी उठेना.

"साहेब, ती गेली त्या दिवसापासून मी या माणसाला रोज शिव्या घातल्या," तो म्हणाला. "सकाळी उठलो की आधी त्याला. रस्त्यात दिसला की तोंडावर. तो मान खाली घालून निघून जायचा. मला वाटायचं, मेला लाजतोय. एकदा तरी बोलायचं होतं हो त्याने. मी काय त्या पोरीला मारलं असतं?"

मला वाटतं, मारलं असतं. सर्जनलाही तसंच वाटलं असणार. पण ते मी बोललो नाही.

मामी पुढच्या जिन्याने खाली आली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. एका सकाळीत तिचा नवराही गेला होता आणि लेकीसारखी वाढवलेली भाचीही. मास्तर कसाबसा उठून उभा राहिला. मग त्याने फुटक्या ओठांनी विचारलं, "वर जाऊ का? एकदा बघून येतो त्यांना."

"त्यांचा चेहरा राहिलेला नाही, मास्तर."

"चालेल मला."

ती बाजूला झाली. त्याने काठी घेतली नाही. कठडा धरला, वर पाहिलं, आणि पहिल्या पायरीवर चांगला पाय आधी टाकला. डावा. सर्जनने दोन वर्षांपूर्वी बसवून दिलेला.